दोन पेट्या

नेव्हिल दोन्ही घेऊन आला, मुलीच्या व्हॅनमधून.
सदुसष्टचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, आणि त्याच कंपनीने
चार वर्षांपूर्वी काढलेला त्याचा नवा अवतार.
तेच काळं रेक्झिन, तीच सोनेरी पट्टी.
"एकच ठेवायचाय," म्हणाला. "छपराला पैसे हवेत."
बाहेर रॉचडेलचा कालवा,
त्यात एक बदक आणि कुणीतरी ढकललेली बाजाराची ट्रॉली.

आधी नव्याचे स्क्रू काढले.
हिरवा बोर्ड, सगळे रेझिस्टर एका उंचीचे,
शाळेच्या प्रार्थनेला उभे.
नावं ठेवायला जागा नाही.
कोपऱ्यात बारकोड.

जुना उघडला तर आधी वास आला:
तापलेली धूळ, मेण,
बंद पडलेल्या पबांमधली बिअर.
वायरी हाताने वळवून, दोऱ्याने बांधलेल्या,
आणि पत्र्यावर आतून पेन्सिलीने:
डॉरीन, शुक्रवार.
एक सांधा तिरका आहे.
शुक्रवार असेल म्हणून.

जुनं ते सोनं असेलही.
सोल्डर मात्र कथील आणि शिसं.
कपॅसिटर तीनदा बदललेले, ट्रान्सफॉर्मर
ओल्डहॅमच्या कुणीतरी पुन्हा गुंडाळलेला, स्पीकरचा कागद नवा.
डॉरीनचं उरलंय किती, ते मी मोजलं.
अकरा सांधे.

मीटर लावला. नवा कागदावर लिहिल्याबरहुकूम.
जुन्यातले दोन रेझिस्टर वयाने चढलेले,
दोनशेवीसचे दोनशेनव्वद झालेले.
जोरात वाजवलं की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं,
गुडघ्यावर हात ठेवून उठतं.
मीटर म्हणतो, बिघाड.
नेव्हिल म्हणतो, तीच तर गंमत.

मिरजेत अब्बा तंबोऱ्याची जवारी काढायचे.
तार घोडीला नुसती शिवली तर मुकी,
सबंध टेकली तर गुदमरते,
मधे कुठेतरी, केसाएवढ्या उतारावर, बोलते.
कानस एकदा पुढे, एकदा मागे, मग कान लावून गप्प.
गिऱ्हाईक कुरकुरलं, दोन वर्षांत जवारी गेली,
तर म्हणायचे,
वाजणाऱ्याचीच जाते.

मग नेव्हिलला खिडकीकडे तोंड करून बसवलं.
मांडीवर गिटार, पाठीमागे दोन पेट्या.
जिलियन वायर बदलत होती, सांगत नव्हती.
त्याने तेच चार सूर आठ वेळा वाजवले.
आठात सहा वेळा
नव्यालाच जुना म्हणाला,
तेही खात्रीने, मान हलवून.

जिलियनने सांगितलं तेव्हा तो हसला नाही.
थोड्या वेळाने म्हणाला,
"तीन हजारांच्या वरचं मला काही ऐकूच येत नाही.
एकोणचाळीस वर्षं शनिवार-रविवार
याच्यापुढे उभा होतो. याने घेतले ते सूर."
आणि जुन्याच्या डोक्यावर हात ठेवला,
आपल्याला चावलेल्या कुत्र्याच्या ठेवावा तसा.

मला फरक ऐकू येत होता.
नव्याचा सूर धुतलेला, चारही कोपरे जुळवून घडी घातलेला.
जुन्याच्या सुराला शेपूट होतं,
जिथे नेव्हिलचा कान संपतो
तिथेच ते सुरू होत होतं.
हे त्याला सांगावं का, ठरेना.
तोवर त्याने जुना उचललाही होता.
"वजन बघ," म्हणाला, "हे माझ्या कंबरेला पाठ आहे."

व्हॅन गेली.
नवा माझ्याकडे ठेवलाय, विकायला.
चालू केला की लगेच तयार, गुरगुर नाही, वास नाही,
अजून कुणाच्या कानाला लागलेला नाही.
किमतीची चिठ्ठी लावण्याआधी पुन्हा एकदा उघडून पाहिला.
एक सांधा गार राहिला होता, मशीनच्या नजरेतून सुटलेला.
तापवला, सोल्डर दिलं.
जरा तिरकाच झाला.
मंगळवार होता, कारण सांगायलाही काही नाही.